आजी-आजोबा आणि नातवंडांचं चित्रांचं पुस्तक घरच्या घरी कसं बनवायचं (आणि आजीला त्यात उपदेश का करू द्यायचा नाही)

मे महिना जवळ आला की हमखास कोणीतरी विचारतं, मुलांना घेऊन एखादं पुस्तक बनवायचंय, आजी-आजोबांवर, सुरुवात कुठून करू? मी सोसायटीतल्या आणि नात्यातल्या पोरांबरोबर अशी पुस्तकं बनवत असते, म्हणून जे काय माहितीये ते एकदाच सगळं लिहून टाकते. लांबलं आहे, चहा घेऊन बसा.

बाकी काही नाही वाचलंत तरी चालेल पण एवढं वाचा. आजी-आजोबांवरची बरीचशी पुस्तकं बोअर होतात त्याचं कारण म्हणजे त्यातल्या आजीला काहीच नको असतं. ती नुसती देत बसते. लाडू देते, मांडीवर घेते, गोष्ट सांगते, शेवटी काहीतरी शहाणपणाचं बोलते आणि पोरगं ते मान हलवून ऐकतं. संस्कार झाले, पुस्तक संपलं. अहो खऱ्या आजीला केवढं काय काय हवं असतं! समोरच्या बिल्डिंगमधल्या बाईंपेक्षा आपला मोगरा जास्त फुलायला हवा असतो, आंब्याची कोय हवी असते (जी गेली कित्येक वर्षं नातवंडांनाच जाते), विमानात खिडकीची सीट हवी असते, डॉक्टरांनी बंद केलेला पेढा तर हवाच असतो. आजोबांना मॅच चालू असताना मध्ये कोणी बोललेलं नको असतं, पंखा दोनवर हवा असतो आणि घरातल्या बाकी सगळ्यांना चारवर. म्हणून आधी तुमच्या आजीला किंवा आजोबांना एक चांगला ठसठशीत हट्ट द्या. हट्ट म्हटला की मुलं कान टवकारतात, कारण त्यातले ते एक्सपर्ट. आणि घरात सात वर्षांच्या आणि सत्तर वर्षांच्या, दोघांनाही 'नाही म्हणजे नाही' सांगणारी माणसं तीच असतात, आई-बाबा, त्यामुळे ती दोघं न सांगता एका पार्टीत जातात. गोष्ट तिथून पळायला लागते.

हट्ट कुठून आणायचा, तर बसून विचार करून सुचत नाही, घरातूनच काढायचा.

"आजी, तुझ्या लहानपणचं काहीतरी सांग ना" असं म्हणू नका. त्याला ठरलेलं उत्तर आहे, आमच्या वेळी असलं काही नव्हतं हो, आणि त्यापुढे गाडी जात नाही. प्रश्न बारका हवा आणि वस्तूवर हवा. वस्तू सरळ हातात द्या. अडकित्ता, पानाचा डबा, स्टोव्हची पिन, ट्रान्झिस्टर, जुनं रेशनकार्ड, गोळ्यांचा तो सात वारांचा डबा, कानातलं मशीन, कवळी. हो, कवळी. कवळी रात्री वाटीतून उठून भाकरवडी खायला जाते ही कल्पना एकदा टाकून बघा पोरांपुढे, पुढचा अर्धा तास तुम्हाला काही करावं लागणार नाही. प्रश्न मुलांनाच विचारू द्या, मोठ्यांनी मध्ये पडायचं नाही, मुलं भलतंच विचारतात आणि आपल्याला भलतंच हवंय. शाळेच्या वाटेवर कशाची भीती वाटायची? सगळ्यात जास्त मार कशाबद्दल खाल्लास? तुझं असं काय हरवलं जे अजून सापडलेलं नाही? हा शेवटचा प्रश्न एक नंबर आहे, हरवलेल्या वस्तूत गोष्ट अर्धी आधीच असते. फोनवर रेकॉर्डिंग लावा, पण सांगून लावा, चोरून नको. आणि समोर खुर्ची टाकून मुलाखत घेऊ नका, आजी भाजी निवडत असेल, वाती वळत असेल, तेव्हा जवळ जाऊन बसा. हात कामात असले की माणूस जास्त बोलतो.

फ्लॅटमध्ये शिफ्ट होताना सगळं जुनं भंगारात गेलं असेल तर आजी-नातवाला पुण्यातल्या राजा दिनकर केळकर म्युझियममध्ये पाठवून द्या, बाजीराव रोडला लागूनच आहे. दिनकर केळकरांनी आयुष्यभर घरगुती वस्तू जमवल्या आणि लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने हे म्युझियम उभं केलं. दिवे, अडकित्ते, पाय घासायच्या वज्र्या, स्वयंपाकघरातली भांडी, सगळं रोजच्या वापरातलं. तिथे आजी आपोआप गाईड होते. "हे होतं आमच्याकडे, याच्याच धाकट्या भावाने माझं बोट चिरलं होतं" असलं काहीतरी बाहेर पडतं आणि तुमचं काम होतं.

पुण्यात पेठांमध्ये वाढलेले आजोबा असतील तर तुम्ही जास्तच नशीबवान, कारण देवळांची नावंच काय ती, जिलब्या मारुती, डुल्या मारुती, पत्र्या मारुती, सोट्या म्हसोबा, पासोड्या विठोबा, गुपचूप गणपती. इथे इतिहास काढत बसायचा नाही, तो कामाचा आहे पण या पुस्तकात नाही. आजोबांना विचारायचं, तुम्ही तिथे काय करायचात, आणि नातीला विचारायचं, गुपचूप गणपती गुपचूप काय करत असेल. डाव्या पानावर आजोबांचं खरं, उजव्या पानावर नातीची थाप. अख्खं पुस्तक असं करता येतं आणि मस्त होतं, कारण तीन-चार पानांनंतर आजोबापण थापा मारायला लागतात आणि मग वाचणाऱ्याला खरं कुठलं ते ओळखायला लागतं.

आणखी एक मोठा खजिना आहे पण तो जपून उघडा. १२ जुलै १९६१. पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला धरण गेलं आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. आज पंचाहत्तरीच्या आसपास असलेली, पुण्यातच वाढलेली माणसं तेव्हा दहा-अकरा वर्षांची होती, त्यामुळे 'त्या दिवशी तुम्ही कुठे होता' हे विचारलं की दिवस जसाच्या तसा बाहेर येतो. त्या पुरात माणसं गेलीत, घरं गेलीत, तेव्हा पुराची गंमत करायची नाही. पण त्या गडबडीत त्या दहा वर्षांच्या मुलाने हातात काय उचललं होतं, वह्या, मांजर, की गोट्यांची पिशवी, हे जरूर विचारा. आणि जे मागे राहिलं ते पुढे कुठे कुठे गेलं असेल ते नातवंडाने काढायचं. एकच वस्तू. आख्खा पूर काढायला गेलात तर ते पुस्तक मुलाचंही राहणार नाही आणि आजोबांचंही.

आता कल्पना कशी लढवायची. याला माझा साधा हिशेब आहे, एक हट्ट, एक खरी वस्तू किंवा जागा, आणि एकच अशक्य गोष्ट. एकच! मुलांना मोकळं सोडलं की पाचव्या मिनिटाला उडती रिक्षा, बोलणारा डायनासोर आणि चॉकलेटचा पाऊस सगळं एकदम येतं आणि मग कशाचंच काही वाटत नाही. एक अशक्य गोष्ट ठरवा आणि बाकी सगळं अगदी सदाशिव पेठेतल्या दुपारइतकं खरं ठेवा. शिवाय त्या अशक्य गोष्टीला नियम द्या, ती कधी होते, किती वेळ होते, कशाने बंद पडते. नियम असला की टेन्शन येतं. आणि शेवटी 'तेवढ्यात तिला जाग आली, ते स्वप्न होतं' असं कोणी लिहिलं तर ते पान फाडा. खरंच फाडा. सगळं घडवून आणायचं आणि शेवटी काही झालंच नाही म्हणायचं, ही फसवणूक आहे.

एक उदाहरण घेऊनच सांगते, पुढे पानं कशी पाडायची तेही यावरच दाखवते.

आजी रोज पहाटे पर्वतीची टेकडी चढायची. आता गुडघे गेलेत, डॉक्टरांनी जिने बंद केलेत. तिचा हट्ट, एकदा वर जायचंच. आई-बाबा म्हणतात अजिबात नाही, बाबा म्हणतात मी गाडीने पायथ्यापर्यंत नेतो, आजी म्हणते पायथा बघायला कोण जातंय. मग नात पर्वतीच्या पायऱ्यांना पत्र लिहिते, आमच्या आजीला येता येत नाही तर तुम्हीच या, पत्ता अमुक, तिसरा मजला, लिफ्ट नाही. आणि रात्री पर्वतीच्या १०३ पायऱ्या एक एक करून खाली उतरतात आणि निघतात. बस, हीच एक अशक्य गोष्ट. नियम असे की पायऱ्या फक्त रात्री चालतात, उजाडायच्या आत परत जागेवर पोचायचं, आणि त्या जाम हळू चालतात कारण जन्मात कधी चाललेल्याच नाहीत, लोकच त्यांच्यावरून चाललेत.

घरच्या पुस्तकाला १६ पानं पुष्कळ. बाजारात मिळणारी चित्रांची पुस्तकं बऱ्याचदा ३२ पानांची दिसतात, कारण छापखान्यात मोठा कागद घड्या घालून सोळाच्या पटीत पानं पाडतात, पण आपल्याला तेवढं ओढायची गरज नाही, मुलांचा दम बाराव्या पानाला संपतो. १६ पानांत पहिलं पान नावाचं, शेवटचं एकटं, आणि मध्ये समोरासमोरच्या पानांच्या सात जोड्या मिळतात. म्हणजे तुमच्याकडे सात मोठी चित्रं आहेत. आधी एका कागदावर सात चौकोन काढा, काडीमाणसं काढून गोष्ट त्यात बसवा, रंगबिंग काही नाही. हे न करता थेट रंगवायला बसलं की सहाव्या पानावर कळतं की गोष्ट अजून सुरूच झाली नाहीये.

पर्वतीच्या गोष्टीत मी असं पाडेन. २-३ वर आजी चपलांच्या कपाटासमोर, आपले फिरायचे बूट पुसतेय. ४-५ वर सगळ्यांचं नाही-नाही आणि टेबलाखाली बसून पत्र लिहिणारी नात. ६-७ वर रात्र, पर्वती, आणि सगळ्यात खालची पायरी जरा तिरकी झालीये, बाकी काही नाही. ८-९ वर मिरवणूक, पायऱ्यांची रांग पायथ्यापासून सारसबागेवरून टिळक रोडला वळतेय, सारसबागेतला गणपती बघतोय (थंडीत त्याला स्वेटर आणि कानटोपी घालतात, गोष्ट थंडीतली करा म्हणजे तेही येईल, मुलं हे काढायला तुटून पडतात), एक पायरी भेळेच्या बंद गाडीपाशी रेंगाळलीये. १०-११ वर बिल्डिंग, आणि इथे जोक, तिसरा मजला, लिफ्ट नाही, म्हणजे पायऱ्यांनाच पायऱ्या चढायला लागतात. १२-१३ वर शब्द नाहीत, एकही नाही. पायऱ्या घरभर सपाट पसरल्यात, स्वयंपाकघरापासून गॅलरीपर्यंत, आजी बूट घालून त्यावरून चालत गेलीये, आणि गॅलरीबाहेर सगळं पुणं खाली दिव्यांत. १४-१५ वर सकाळ, पर्वतीच्या पायथ्याशी फिरायला आलेले लोक कानटोप्या घालून खोळंबलेत, वर जायला काही नाहीच. आणि १६ व्या पानावर फक्त एक पाटी: 'पायऱ्या आमच्या आजीकडे गेल्या आहेत. येतील तेव्हा येतील. चौकशी करू नये.' उजाडायच्या आत परत जायचा नियम मोडला का? मोडला. नियम मोडण्यासाठीच केला होता, पण शेवटच्या पानापर्यंत थांबायचं.

६-७ मध्ये नुसती एक तिरकी पायरी का ठेवली ते बघा. पान उलटायच्या आधी मुलाला वाटलं पाहिजे की पुढे काय. पुस्तकातली निम्मी मजा पान उलटण्यात असते, म्हणून उजव्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात नेहमी काहीतरी अर्धवट ठेवा, अर्धी सावली, अर्धं वाक्य, दाराबाहेर आलेलं एक पाऊल. आणि उत्तर पुढच्या पानावर. समोरासमोरच्या दोन पानांत प्रश्न आणि उत्तर दोन्ही ठेवलं तर डोळा आधीच तिकडे पळतो.

शब्दांबद्दल. जोडीला वीस-पंचवीस शब्द खूप झाले. जे चित्रात दिसतंय ते परत लिहायचं नाही. आजी बूट पुसतेय हे दिसतंय ना, मग तिथे 'आजी बूट पुसत होती' कशाला? तिथे लिहा, 'आजी म्हणाली, मला काही पर्वती-बिर्वतीची आठवण येत नाही.' आता शब्द एक सांगतायत आणि चित्र दुसरं, आणि चार वर्षांच्या मुलालासुद्धा कळतं की आजी खोटं बोलतेय, आणि आपल्याला कळलं याचा त्याला जो आनंद होतो तो बघण्यासारखा असतो. आजी घरात जशी बोलते तसंच लिहा. कोकणातली असेल तर तशी, सोलापूरची असेल तर तशी, 'नातीने आजीस विचारले' वगैरे कोणी घरात बोलत नाही. झालं की मोठ्याने वाचा, जिथे जीभ अडखळेल तिथलं वाक्य कापा. आणि आजीला शेवटचं वाक्य देऊ नका, दिलंत की ती उपदेश करणारच, तिचा नाइलाज आहे.

चित्रं. 'मला चित्र येत नाही' हे मोठ्यांचं दुखणं आहे, लहानांना असलं काही नसतं. तरी ज्यांना कागदाची भीती वाटते त्यांनी कात्री घ्यावी. जुन्या लग्नपत्रिका, कालनिर्णयची गेल्या वर्षीची पानं, साडीचे तुकडे, बसची तिकिटं, मिठाईच्या खोक्याचा चकचकीत कागद, यातून कापून चिकटवायचं. आजीच्या खऱ्या फाटक्या साडीचा तुकडा पुस्तकातल्या आजीला नेसवला की ती लगेच ओळखू येते, चेहरा कसाही येऊ दे. आजी रांगोळी काढत असेल तर तिला झाडं आणि ढग काढायला द्या, ठिपक्यांची रेघ एकदम वेगळीच येते. नातवंड माणसं काढेल. दोघांचे हात पानावर वेगवेगळे दिसले पाहिजेत, मध्येच आई येऊन 'थांब मी नीट करून देते' म्हणाली तर तिला भाजी आणायला पाठवा.

आणि प्लीज, सगळ्या आज्यांना पांढरा अंबाडा, गोल चष्मा आणि नऊवारी देणं बंद करा. आजची पुण्यातली आजी अठ्ठावन्न वर्षांची असू शकते, ॲक्टिव्हावर स्कार्फ बांधून भिशीला जाते, केसांना मेंदी लावते, व्हॉट्सॲपवर तुमच्याआधी गुड मॉर्निंग टाकते. आजोबा ट्रॅक पँटमध्ये तळजाईला जातात आणि परतताना पोहे खातात जे घरी सांगत नाहीत. तुमच्या घरातली माणसं बघून काढा. माणूस एकदा ठरला की त्याची एक खूण पक्की करा, लाल मोजे, काठीला बांधलेली पिशवी, कपाळावर ढकललेला चष्मा, आणि ती प्रत्येक पानावर तीच ठेवा, म्हणजे चेहरा दर पानाला बदलला तरी (बदलणारच) वाचणाऱ्याला कळतं की या त्याच आजी आहेत.

अवघड विषयांबद्दल पण विचारतात. आजोबांना विसरायला होतं, आजी आजारी आहे, किंवा आजोबा गेले. यावर पुस्तक करावं का, तर करावं, मुलांना सगळं दिसत असतंच. फक्त आजोबांना तारा करू नका. मुलं मग रोज रात्री गॅलरीत जाऊन नेमका कोणता तारा ते विचारतात आणि पावसाळ्यात चार महिने आजोबा दिसत नाहीत. गेले म्हणजे गेले, असं साध्या शब्दांत लिहा, आणि कल्पना त्यांच्या वस्तूंवर चालवा. त्यांची छत्री अजून दर जूनमध्ये आपणहून दारात येऊन उभी राहते, यात खोटं पण नाही आणि रडारड पण नाही. विसरणाऱ्या आजोबांसाठी मला आवडतो तो प्रकार असा, आजोबा नातीला रोज वेगळ्या नावाने हाक मारतात आणि नात त्या दिवसापुरती तीच होते. सोमवारी ती आजोबांची बहीण, मंगळवारी पोस्टमन, बुधवारी शाळेतले कडक गुरुजी, आणि बुधवारी आजोबांनाच अंगठे धरून उभं राहायला लागतं. प्रत्येक जोडीला एक वार. रविवारी काय होतं ते तुमचं तुम्ही ठरवा, पण 'आजोबांना सगळं आठवलं' असं करू नका, तसं होत नाही हे मुलांना माहिती असतं.

नातवंड अमेरिकेत आणि आजी कोथरूडला, हे तर आता घरोघरी आहे. यांच्यासाठी पुस्तकाची मधली घडी वापरा. डावं पान पुण्याचं, रात्रीचं, उजवं पान तिकडचं, सकाळचं, न्यू जर्सीबरोबर उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा फरक पडतो आणि हिवाळ्यात साडेदहा. मध्ये घडी म्हणजे समुद्र, आणि प्रत्येक पानावर एकच गोष्ट घडी ओलांडून जाते, आजीने टाकलेला लोकरीचा गुंडा, मांजर, तळणीचा वास. डावं पान आजीने इथे काढायचं, उजवं नातीने तिकडे, दोघींनी फोटो पाठवायचे. आजी-आजोबा नसतील तर शेजारच्या काकू-आजी चालतात, त्यात काही कमी नाही.

चांगली पुस्तकं बघितल्याशिवाय मात्र बनवायला बसू नका. अप्पा बळवंत चौकात जाऊन दुकानात उभं राहून चाळा, नॅशनल बुक ट्रस्टची मुलांची पुस्तकं स्वस्त असतात ती दोन-चार घ्या. फुकट हवं असेल तर 'प्रथम बुक्स' या प्रकाशनाची स्टोरीवीव्हर ही वेबसाईट आहे, २०१५ पासून चालू आहे, मराठीत भरपूर पुस्तकं आहेत, वयाप्रमाणे नाही तर वाचायच्या पातळीप्रमाणे लावलेली. तिथली पुस्तकं मोकळ्या परवान्याखाली आहेत, म्हणजे मूळ लेखक-चित्रकाराचं नाव देऊन ती वापरता येतात, बदलताही येतात. एक खेळ करा, आजी-नातवाचं एखादं पुस्तक घ्या, शब्दांवर हात ठेवा आणि मुलाला फक्त चित्रांवरून गोष्ट सांगायला लावा. मग उलटं, चित्रं झाका आणि शब्द वाचा. जे पुस्तक दोन्हीकडून लंगडं वाटतं आणि एकत्र केल्यावर पळतं, ते चांगलं. तुमचं पण तसं झालं पाहिजे.

आता बांधणी. सगळ्यात सोपी पद्धत ही की प्रत्येक जोडीचं चित्र एका आडव्या ए-फोर कागदावर काढायचं, कागद मधोमध दुमडायचा, चित्र आत, आणि मग एका कागदाची उजवी पाठ पुढच्याच्या डाव्या पाठीला चिकटवत जायचं. सात कागदांच्या सात जोड्या, कुठेही शिवण नाही, चित्र मध्ये तुटत नाही आणि पानं जाड होतात, लहान मुलांनी ओढली तरी टिकतात. अगदी वरची आणि अगदी खालची जी पाठ मोकळी राहते तिथेच तुमचं १ नंबरचं आणि १६ नंबरचं पान. चिकटवायला ग्लू स्टिक घ्या, पातळ गोंद किंवा भरपूर फेव्हिकॉल लावला की कागदाला लाटा येतात. रात्रभर जाड पुस्तकांखाली दाबून ठेवा. कागद साधा झेरॉक्सचा ७०-७५ जीएसएमचा (जीएसएम म्हणजे कागदाचं वजन, आकडा मोठा तितका कागद जाड) नको, रंग मागून दिसतो, १२०-१३० चा घ्या. कव्हरला २५० किंवा ३०० चा कार्डशीट.

दुसरी पद्धत चार ए-फोर कागद एकात एक घालून मधून शिवायचे, की सोळा पानं तयार. दिसायला खऱ्या पुस्तकासारखं होतं पण पानांचा क्रम डोकं खातो. एका कागदाच्या एका बाजूला शेजारी शेजारी येणाऱ्या पानांची बेरीज नेहमी १७ येते, १६ आणि १, २ आणि १५, १४ आणि ३, असं. आणि अगदी मधली ८-९ सोडली तर प्रत्येक जोडी दोन वेगळ्या कागदांवर असते, त्यामुळे बाकीच्या जोड्यांत आजीचा चेहरा घडीवर आणू नका, अर्धा मिलिमीटर सरकला तरी नाक दोन ठिकाणी येतं. मिरवणुकीचं मोठं चित्र मी ८-९ वर ठेवलं ते उगाच नाही. शिवायला घडीवर तीन भोकं, एक मधोमध आणि दोन टोकांपासून दोन-दोन इंचांवर. आतून मधल्या भोकातून बाहेर, वरच्यातून आत, मधलं सोडून सरळ खालच्यातून बाहेर, परत मधल्यातून आत, आणि आतल्या लांब दोऱ्यावर गाठ. हे वाचायला किचकट वाटतं पण जिने गोधड्या शिवल्यात तिला एकदा दाखवलं की झालं, उलट ती तुम्हाला दोरा कुठला घ्यायचा ते सांगेल.

अक्षर शक्यतो आजीचं किंवा आजोबांचं. जुन्या लोकांचं अक्षर वळणदार असतं आणि हात थोडा थरथरला तर थरथरू दे. हात चालत नसेल तर टाईप करा, मुक्त आणि बालू हे दोन्ही देवनागरी फॉन्ट फुकट मिळतात आणि मोठे, गोल, वाचायला सोपे आहेत, साईझ १८-२० च्या खाली नको. प्रिंटला देताना पीडीएफ करूनच द्या, वर्डची फाईल दिली आणि दुकानातल्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसला की सगळं बिघडतं, जोडाक्षरं सुटतात आणि आजी एकदम 'आजी म् हणाली' बोलायला लागते.

मूळ पुस्तक देऊ नका कोणाला, त्याच्या प्रती काढा. ३०० डीपीआयला स्कॅन करा, स्कॅनर नसेल तर खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात फोनने, फ्लॅश बंद, फोन अगदी सरळ वर धरून. कडेपासून सेंटिमीटरभर आत सगळं ठेवा, दुकानात कटिंगमध्ये कडा जातात. कॉलेजांच्या आसपासच्या झेरॉक्सवाल्यांकडे जाऊन 'ए-फोर मध्ये बुकलेट, पाठपोट कलर, सेंटर पिन' एवढं म्हणा, त्यांना कळतं. एक प्रत आधी काढून पानं उलटून बघा मगच बाकीच्या सांगा, पाठपोटमध्ये पानं उलटी लागणं हा नेहमीचा घोळ आहे.

किती प्रती? एक नातवंडाला, एक दोन्हीकडच्या आजी-आजोबांना प्रत्येकी, एक शाळेत दाखवायला. आणि आजीसाठी तीन एक्स्ट्रा काढा, कारण तिची प्रत ती भिशीला नेणार, तिथून ती कोणाच्या तरी घरी जाणार, आणि तिथल्या नातवंडाने त्यावर खडू चालवलेला असणार.